कापरेकर मास्तर, पप्पा आणि ६१७४

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मी सरळ नाही म्हणाले होते. पाचवीपासून कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर वाढलेली मुलगी मी. माझं मराठी म्हणजे फोनवर आईशी बोलण्यापुरतं. जोडाक्षर आलं की हात अजून अडखळतो. पण एक विषय दिवाळीपासून डोक्यात बसलेला होता, आणि तो इंग्लिशमध्ये लिहिला असता तर पप्पांनी नुसतं नाव वाचून पान उलटलं असतं. म्हणून हा प्रयत्न. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात ही विनंती!

तर मित्रमैत्रिणींनो, गोष्ट सुरू होते आपल्याच प्रोग्रॅमिंगच्या लॅबमध्ये. एका प्रॅक्टिकलला सरांनी फळ्यावर लिहिलं, कापरेकर कॉन्स्टंट. कोणतीही चार आकडी संख्या घ्यायची. चारही आकडे सारखे नकोत, एवढीच अट. त्या आकड्यांपासून मोठ्यात मोठी संख्या करायची आणि लहानात लहान करायची, आणि मोठीतून लहान वजा करायची. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच करायचं. शेवटी उत्तर येतं ६१७४. तिथे पोचलात की पुढे कितीही वजाबाक्या करा, ७६४१ वजा १४६७ म्हणजे परत ६१७४च. आणि तिथे पोचायला जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात, आठवी कधीच नाही.

मी घाईघाईत प्रोग्राम लिहिला, चारही आकडे सारखे नकोत ही अट टाकायला विसरले, आणि टेस्ट करायला नेमका ११११ दिला. उत्तर शून्य, शून्याचं परत शून्य. लूप फिरतच राहिला आणि कॉम्प्युटर हँग. सर मागे येऊन उभे राहिले. ओरडतील असं वाटलं, पण त्यांनी फक्त विचारलं, कापरेकर कोण होते माहीत आहे का? मी गप्प. खरं सांगायचं तर माझी समजूत होती की ज्याच्या नावाचा कॉन्स्टंट असतो तो माणूस गोरा असतो, केसांचा टोप घालतो आणि दोनशे वर्षांपूर्वी मेलेला असतो. सर म्हणाले, आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर होते ते.

शाळामास्तर! मला हे पचायला वेळ लागला. त्या रात्री मेसमधून आल्यावर मी कापरेकरांविषयी मिळेल ते वाचून काढलं. दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं, तरीसुद्धा.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडिलांनी वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. आता ज्योतिष खरं की खोटं हा वाद आपण बाजूला ठेवू, पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड भरपूर करावी लागते. घरात सतत गुणाकार-भागाकार चाललेले. आई नसलेल्या त्या पोराला वडिलांकडून भविष्य नाही, पण आकडे मिळाले. ठाण्याला शाळेत असताना हा मुलगा तासन् तास गणिताची कोडी सोडवत बसायचा.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. हे पारितोषिक परीक्षेतल्या मार्कांसाठी नव्हतं, विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या नव्या गणितासाठी होतं. (रँग्लर परांजपे म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली पहिले आलेले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय.) १९२९ साली कापरेकर बी.एस्सी. झाले. त्यापुढची डिग्री त्यांनी घेतली नाही. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही. लवकरच देवळालीच्या शाळेत गणिताचे शिक्षक म्हणून लागले, आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. तीस वर्षांहून जास्त काळ, एकच गाव.

आपल्या भाषेत सांगायचं तर प्लेसमेंट साधं, पॅकेज त्याहून साधं. इथेच त्यांचं चरित्र संपायला हवं होतं. आपल्या ओळखीतल्या कितीतरी हुशार माणसांचं असंच संपतं ना? कॉलेजात असताना हा नाटकात काम करायचा, ती छान गायची, मग नोकरी लागली, मग लग्न, मग हप्ते. हा करायचा आणि ती गायची, सगळं भूतकाळात!

पण कापरेकर मास्तरांचं तसं झालं नाही. शाळा सुटली, वह्या तपासून झाल्या, की त्यांचा खेळ सुरू. खेळणी म्हणजे कागद, पेन्सिल आणि शून्य ते नऊ हे दहा आकडे.

देवळालीबद्दल एक मजेशीर गोष्ट सांगते. इंग्लिशमध्ये डूलॅली असा एक शब्द आहे. अर्थ, डोकं फिरलेला. हा शब्द आपल्या देवळालीवरूनच तयार झाला. इंग्रजांच्या काळात मायदेशी परत जाणाऱ्या गोऱ्या सैनिकांना देवळालीच्या छावणीत आणून ठेवत. बोट मिळेपर्यंत महिनोन् महिने नुसतं बसून राहायचं. हाताला काम नाही, डोक्याला खाद्य नाही. कंटाळून कंटाळून ते वेड्यासारखं वागायला लागत. मी विचार करत होते, की तेच गाव, तोच माळ, तोच उन्हाळा. रिकामा वेळ मिळून सैनिकांचं डोकं फिरलं, आणि नोकरीतून उरलेल्या थोड्याशा वेळावर कापरेकर मास्तर आयुष्यभर खूश राहिले. म्हणजे वेळ किती मिळतो यापेक्षा त्या वेळात आपण काय करतो यावर बरंच अवलंबून असावं. (रविवारी दुपारी चार तास रील्स बघून उठल्यावर मलाही डूलॅली झाल्यासारखंच वाटतं. तुम्हालाही वाटत असेल!)

६१७४ त्यांना सापडला १९४६ साली. तेव्हा ते एक्केचाळीस वर्षांचे होते. कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही. एकेका संख्येला पाच-पाच, सात-सात वजाबाक्या, त्याही हाताने. बघायचं असेल तर त्यांच्या जन्मसालापासूनच सुरुवात करू. १९०५ चे आकडे उतरत्या क्रमाने ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९. वजाबाकी ९३५१. पुढे ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. मग ८७२१ वजा १२७८ म्हणजे ७४४३. मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि शेवटी ६१७४. मोजा, बरोबर सात पायऱ्या! मास्तरांचं जन्मसाल सगळ्यात लांबच्या रस्त्याने घरी पोचतं.

असे खेळ त्यांनी कितीतरी शोधले. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज परत ४५! ५५ चा वर्ग ३०२५, ३० आणि २५ मिळून परत ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ आणि २०९ मिळून २९७. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. दुसरा खेळ गाडीच्या स्टेशनवरून आला. डोंबिवलीला तेव्हा इंग्रजी कागदोपत्री डेम्लो म्हणत, तिथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या असं नाव देऊन टाकलं. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१ ही त्याच घराण्यातली सुंदर माणसं. आपण डोंबिवली म्हटलं की आठ-बाराची लोकल आणि गर्दी आठवतो, या माणसाला तिथे आकडे दिसले.

मला सगळ्यात आवडल्या त्या हर्षद संख्या. जिच्या आकड्यांच्या बेरजेने तिला पूर्ण भाग जातो ती हर्षद. उदाहरणार्थ १२, कारण १ आणि २ मिळून ३, आणि १२ ला ३ ने भाग जातो. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. गणितातल्या व्याख्येला कुणी आनंद देणारी असं नाव ठेवतं का? आपल्याला तर एम-थ्रीच्या पेपरात हर्षदायक असं काहीच दिसत नाही! गंमत म्हणजे ६१७४ स्वतः हर्षद आहे. ६, १, ७ आणि ४ मिळून १८, आणि ६१७४ भागिले १८ बरोबर ३४३, म्हणजे ७ चा घन.

१९६३ साली, निवृत्त झाल्यानंतर, त्यांनी आणखी एक प्रकार मांडला. एखाद्या संख्येत तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्माला येते. २१ मध्ये ३ मिळवले की २४. म्हणजे २१ ही २४ ची आई. पण काही संख्यांना अशी आईच नसते. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ या आपोआप आलेल्या संख्या. त्यांना त्यांनी आपल्या गावाचं नाव दिलं, देवळाली संख्या. आठव्या वर्षी आई गेलेल्या मुलाने साठीच्या जवळ येऊन आई नसलेल्या संख्या शोधाव्यात, हे वाचून मी थोडा वेळ लॅपटॉप बंद करून बसले. कदाचित मी उगाच जास्त विचार केला असेन. असो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं मोठं काम, मग केवढा मान मिळाला असेल! नाही मिळाला. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना हे सगळं क्षुल्लक वाटायचं. आकड्यांचे पोरखेळ, याचा उपयोग काय, असं. ६१७४ त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला, १९५३ साली स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या अमेरिकन नियतकालिकात छापून आला. पण बाकीचं पुष्कळसं काम त्यांनी स्वतःच्या खर्चाने छोट्या पुस्तिकांमध्ये छापलं. प्रकाशकाच्या जागी स्वतःचंच नाव आणि पत्ता खारेसवाडा, देवळाली. मास्तरच्या पगारात!

मग मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं. गार्डनर गणिताचे प्रोफेसर वगैरे नव्हते, त्यांची डिग्री तत्त्वज्ञानाची. पण त्यांचं गणिती खेळांचं सदर पंचवीसेक वर्षं चाललं आणि जगभर वाचलं जायचं. एका खेळकर माणसाने दुसऱ्या खेळकर माणसाला ओळखलं. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते. म्हणजे ६१७४ सापडल्यापासून जगाला त्यांचं नाव कळेपर्यंत एकोणतीस वर्षं गेली.

या गोष्टीचा शेवट मी गोड करून सांगणार नाही. १९६६ साली त्यांची पत्नी गेली. पेन्शन पुरेना. अगदी काटकसरीने राहूनही पुरेना, म्हणून त्या वयात गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. खेळाने त्यांना श्रीमंत केलं नाही. १९८६ साली ते गेले. शेवटपर्यंत आकडे मात्र सुटले नाहीत. त्यांना आकड्यांचं व्यसन होतं, आणि ते त्यांना स्वतःलाही मान्य होतं.

इथपर्यंत सगळं वाचलेलं. आता माझं सांगते.

माझं गाव तेलगाव, जिल्हा बीड. बीड-परळी रस्ता आणि माजलगाव-धारूर रस्ता जिथे भेटतात तो चौक म्हणजे आमचं गाव. आमच्या भागातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला माणसं बाहेर पडतात, आणि इथल्या कारखान्याकडे ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या यांची रांग लागते. पप्पा कारखान्याच्या काट्यावर आहेत. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, दोन्हीतला फरक म्हणजे उसाचं वजन. वजाबाकी हाच पप्पांचा धंदा म्हणा ना! आता पावती कॉम्प्युटर काढतो, पण पप्पा अजूनही मनातल्या मनात वजाबाकी करून मगच पावती फाडतात.

पप्पा पूर्वी पेटी वाजवायचे. गावात हरिनाम सप्ताह असला की भजनी मंडळात पेटीवर पप्पाच. मला ते पुसट आठवतं, कारण मी पाचवीला होस्टेलवर गेले त्याच सुमारास पेटी माळ्यावर गेली. कॉन्व्हेंटची फी, होस्टेलची फी, म्हणून रात्रपाळ्या आणि ओव्हरटाइम. कुणी मला तसं कधी बोलून दाखवलं नाही. पण मला माळ्यावरचं ते गोधडीत गुंडाळलेलं गाठोडं दिसलं की कळायचं. पप्पांना विचारलं तर म्हणायचे, आता कुठं वेळ हाय? तुझं शिक्षण होऊ दे, मग बघू.

आणि मी तरी वेगळं काय करत होते? दहावीपर्यंत माझ्या प्रत्येक वहीची मागची पानं चित्रांनी भरलेली असायची. सिस्टरांची, वॉर्डनची, होस्टेलच्या मांजरीची. अकरावीला ठरवलं, आधी सीईटी मग चित्रं. मग आधी फर्स्ट इयर. मग आधी केटी काढू. आता सीनियर्स सांगतात, आधी प्लेसमेंट. बाप म्हणतो लेकीचं शिक्षण होऊ दे, लेक म्हणते नोकरी लागू दे. हे मग नावाचं स्टेशन कुठे येतं ते कुणालाच माहीत नाही. मला त्याची भीती वाटायला लागली होती.

या दिवाळीच्या सुट्टीत एका रात्री चुलतभावाच्या गाडीवर बसून पप्पांचा डबा घेऊन काट्यावर गेले. हंगाम नुकताच सुरू झालेला. थंडी, मळीचा वास, ट्रॅक्टरवर कर्णकर्कश गाणी. पप्पा डबा खात असताना मी रद्दी पावतीच्या पाठीमागे ६१७४ चा खेळ मांडला. समोर उभ्या ट्रॅक्टरच्या नंबरातले चार आकडे घेतले. पप्पांनी एक डोळा रांगेवर ठेवून ऐकलं. मग म्हणाले, ह्यो तुमचा कॉम्प्युटरचा काहीतरी हातचलाखीचा प्रकार असंल. मी म्हटलं, तुम्हीच नंबर सांगा. त्यांनी मागच्या ट्रकचा सांगितला. ६१७४. त्याच्या मागच्याचा. ६१७४. मी कागदावर हातचा धरत बसले होते तोवर पप्पांची तोंडी वजाबाकी झालेली असायची. मग रांग सरकली, भोंगा झाला आणि मी घरी आले.

सकाळी पप्पा पाळी संपवून आले ते झोपलेच नाहीत. शर्टाच्या खिशातून पावत्यांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. सगळ्यांच्या पाठीमागे वजाबाक्या. रात्रभरात गाड्यांच्या मधल्या वेळात चौदा नंबर सोडवले होते. आणि म्हणाले, तुझ्या त्या मास्तरचं बरोबर हाय, पण एक गोष्ट बघितलीस का? येणाऱ्या प्रत्येक उत्तरात कडेच्या दोन आकड्यांची बेरीज दहा होते आणि मधल्या दोघांची आठ.

मी बघितलं नव्हतं! ९३५१ मध्ये ९ आणि १ दहा, ३ आणि ५ आठ. ८१७२ मध्ये ८ आणि २, १ आणि ७. ६१७४ मध्ये सुद्धा. मी ३९९६ दाखवून म्हटलं, इथे नाही होत. पप्पा हसले. म्हणाले, त्याच्या आधी ७४४३ होता, त्याचे मधले दोन आकडे सारखे. तसं असलं की मधे दोन नव्वे येतात आणि कडेची बेरीज नऊ होते. तो अपवादही त्यांनी रात्रीच धरला होता.

मी बसून ताळा केला. आकडे क्रमाने लावल्यावर मोठ्यात मोठा आणि लहानात लहान यांचा फरक, आणि मधल्या दोघांचा फरक, एवढ्या दोनच गोष्टींवर उत्तर ठरतं. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, आणि बेरीज करा. म्हणून पहिल्या वजाबाकीनंतर हजारो संख्यांमधून फक्त चोपन्न शक्यता उरतात. आणि त्यातूनच पप्पांचा दहा-आठचा नियम सरळ निघतो. माझ्या प्रोग्रामने शून्यापासून ९९९९ पर्यंतच्या सगळ्या संख्या डोळ्याचं पातं लवायच्या आत सोडवल्या होत्या. हा नियम त्या प्रत्येक ओळीत माझ्यासमोर होता. मला उत्तर हवं होतं, मार्क हवे होते, म्हणून मी पाहिलाच नाही. बारावीनंतर शिक्षण सोडलेल्या पप्पांनी चौदा नंबरांत पाहिला, कारण त्यांना काहीच मिळवायचं नव्हतं. ते नुसते खेळत होते.

आई हे सगळं चहाचे कप हातात घेऊन उभ्यानेच ऐकत होती. आम्ही दोघं पावत्या पसरून बसलेले, आणि तिचा एक पाय स्वयंपाकघरात. तेव्हा मला आठवलं की मी वाचलेल्या लेखांत कापरेकर मास्तरांच्या पत्नीसाठी एकच ओळ होती, त्या १९६६ साली गेल्या म्हणून. मास्तर संध्याकाळी आकडे मांडत बसायचे तेव्हा चूल कुणी सांभाळली असेल? खेळायला वेळ काढा असं सांगणं सोपं आहे. पण एकाने वेळ काढला की घरातलं काम काही कमी होत नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जातं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळचा स्वयंपाक मी केला. (भाकरी भारताच्या नकाशासारख्या झाल्या, श्रीलंकेसकट.) आईने त्या वेळात अंगणात मोठी ठिपक्यांची रांगोळी काढली. एरवी ती घाईत चार रेघा ओढून उठते. त्या दिवशी ठिपके मोजत दीड तास बसली होती, आणि कुणी मधे बोललं तर रागवत होती.

कापरेकर मास्तरांची गोष्ट मला म्हणून जवळची वाटते. त्यांनी खेळण्यासाठी नोकरी सोडली नाही, रिटायर होण्याचीही वाट पाहिली नाही. जगाने टाळ्या वाजवाव्यात म्हणूनही ते थांबले नाहीत. जो वेळ हाताशी होता तो वापरला. आपल्याला सगळ्यांना ६१७४ सापडणार नाही, आणि सापडायची गरजही नाही. पण माळ्यावर काय काय गेलंय, ते एकदा चढून बघायला काय हरकत आहे?

होस्टेलवर परत आल्यावर मी एका रात्री मास्तरांच्या आयुष्यातली सालं घेऊन बसले. १९०५ आपण वर पाहिलं, ते ९३५१ वरून ८१७२ ला जातं. मग शोधाचं साल घेतलं, १९४६. ९६४१ वजा १४६९ म्हणजे ८१७२. मग ते गेले ते साल, १९८६. ९८६१ वजा १६८९ म्हणजे परत ८१७२! जन्म, शोध आणि मृत्यू, तिन्ही सालं एकाच थांब्यावर भेटतात आणि तिथून सोबत ६१७४ ला जातात. यात चमत्कार काही नाही. १९४६ मध्ये ९ आणि १ चा फरक ८, ६ आणि ४ चा फरक २. १९८६ मध्येही तेच, ८ आणि २. बाकी योगायोग. तरी मी रूममेटला झोपेतून उठवून हे सांगितलं. तिने उशी फेकून मारली. त्याच रात्री वहीच्या मागच्या पानावर मास्तरांचं चित्र काढायला घेतलं. कान जमले नाहीत, पण तीन वर्षांनंतर काढलेलं ते पहिलं चित्र.

पेटी अजून माळ्यावरच आहे. भाता उंदरांनी कुरतडलाय, आणि दुरुस्तीला माजलगावला न्यायची की नाही यावर घरी चर्चा चालू आहे. पण परवा रात्री दीड वाजता पप्पांचा फोन आला. माझ्या पोटात गोळा आला, एवढ्या रात्री कशाला! तर पप्पा काट्यावरून बोलत होते. गाडीचं वजन किलोत पाच आकडी असतं, म्हणून त्यांनी तोच खेळ पाच आकड्यांवर करून बघितला होता. एका जागी थांबतच नाही म्हणाले. ६१९७४ वरून ८२९६२, मग ७५९३३, मग ६३९५४, आणि परत ६१९७४. बैल घाण्याला फिरल्यासारखं गोल गोल फिरतंय. माझं कुठं चुकतंय का?

नाही चुकत. पाच आकड्यांना ६१७४ सारखं एकच घर नाही, तिथे अशी चक्रंच आहेत, हे मी वाचलेलं होतं. पण मी सांगितलं नाही. म्हटलं, पप्पा, अजून चार-पाच वजनं करून बघा, आणि काय दिसतंय ते उद्या सांगा.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी